तार गुंडाळली का?

"तार गुंडाळली का?"

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत कोणी घराबाहेर पडताना दिसलं, की शेजारचे आजोबा गॅलरीतून विचारायचे आणि उजव्या हाताने हवेत चक्री फिरवायचे. नवखा माणूस गोंधळायचा. जुने लोक मुकाट्याने मागे फिरून गॅस, नळ, कुलूप बघून यायचे.

तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल, ज्याची नोकरी संपली पण सवय संपली नाही. आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या आधी हवाई दलात वायरलेस ऑपरेटर होते. उघड्या विमानात वैमानिकाच्या मागे बसायचं, खाली एरियलची लांबलचक तार सोडायची, टोकाला शिशाचं वजन, आणि टकटक करत संदेश पाठवायचे. उतरण्याआधी ती तार हाताने चक्रीवर गुंडाळायची. एकदा सरहद्दीवर ते विसरले.

"शिसं गेलं ना छावणीच्या स्वयंपाकघराचं कौल फोडून थेट डाळीत!" ते सांगायचे. "साहेब एकदाच ओरडला. आचारी महिनाभर ओरडत होता."

नव्वदनंतरची ती वर्षं. फोन मोजक्या घरी. आम्ही भाडेकरू सगळीकडे आजोबांचा नंबर देऊन पुढे 'पीपी', म्हणजे शेजारचा फोन, असं लिहायचो. निरोप ते पेन्सिलीने उतरवून घेत, वेळ टाकत, समोरच्याला परत वाचून दाखवत. मग ज्याचा त्याच्या हातात देऊन सही घेत. मजकुरात आपलं अक्षर घालायचं नाही, दुसऱ्याचं गाळायचं नाही. एकदा समोरच्या घरी त्यांनी दारात उभं राहून खणखणीत वाचलं, "सासूबाई गावी गेल्याशिवाय मी माहेरून येणार नाही." सासूबाई दारातच होत्या. आजोबा म्हणाले, "सही कोण करतंय?"

गावी जाताना पत्ता लिहून ठेवायचा, हाही त्यांचाच नियम. मला त्याचा कंटाळा यायचा. मी सिन्नरची. आई विड्या वळायची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. एका शाळेत सोमवारी माझी मुलाखत होती, म्हणून शुक्रवारी आईला भेटायला निघाले. आजोबांनी जिन्यात अडवलं.

"पत्ता?"

"दोनच दिवस जातेय, आजोबा."

"विमान दोन मिनिटांतही पडतं."

लिहून दिला.

शनिवारी सकाळी साडेअकराला सिन्नरला आमच्या गल्लीत आजोबा उभे. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, घामाने डबडबलेला, हातात चिठ्ठी. मुलाखत सोमवारऐवजी आजच, दुपारी तीनला ठेवली होती.

"मोठ्यानं वाच."

वाचलं.

"सही कर. वेळ टाक."

"आजोबा, बस चुकेल!"

"म्हणूनच लवकर कर."

आई विड्यांचं सूप बाजूला सारून उठली. "लय ऊन हाय बाबा. च्या तरी घ्या."

उभ्याउभ्या बशीतला चहा संपवून ते माझ्याबरोबर एसटीत बसले. वाटभर मला प्रश्न विचारत राहिले. मी उत्तर दिलं की म्हणायचे, "परत सांग. आता न घाबरता."

मी तीनच्या आत पोहोचले. नोकरी मिळाली.

संध्याकाळी पेढे घेऊन गेले, तर आजोबांच्या दारात गर्दी. सकाळपासून त्यांचा फोन लागत नव्हता. कोणाची बहीण स्टेशनवर ताटकळली, कोणाचा पाहुणा परत गेला. नोकरीवरून आलेल्या त्यांच्या सूनबाईंनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं. खाली रिसीव्हर आडवा पडलेला. निरोप लिहून होताच आजोबा तसेच बसला धावले होते.

सूनबाईंनी सासऱ्यांना शांतपणे विचारलं, "दादा, तार कोणाची राहिली गुंडाळायची?"

कॉलनी हसून लोटपोट. आजोबांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मग बोट वर करून म्हणाले, "संदेश पोहोचला की नाही ते विचारा आधी!"

मी सगळ्यांना दोन दोन पेढे दिले.

पुढे ज्याच्या त्याच्या हाती मोबाईल आले, पीपी संपलं. आजोबा गेले त्याच्या आठवडाभर आधी मी भेटायला गेले होते. अंथरुणात अगदी लहान दिसत होते. उजवा हात चादरीवर हळूहळू गोल फिरत होता.

मी वाकून विचारलं, "आजोबा, तार गुंडाळली का?"

बोळक्या तोंडाने हसले.

"थोडी राहिलीय बाहेर. तू नीघ. तुझी शाळा भरेल."