सोयरिकीच्या वाटेनं नारू

माझ्या वहिनीला प्रश्न विचारायची खोड होती. नव्या सुनेनं मान खाली घालावी आणि विचारलं तेवढंच बोलावं, असा तो काळ. हिनं मात्र अंगाची हळद उतरायच्या आत शेजारणीला, तुमचं नि सासूबाईंचं का पटत नाही, असं विचारून घेतलं होतं. आई कपाळाला हात लावायची. मी नणंद, वहिनीहून जरा लहान, माझं लग्न अजून ठरायचं होतं. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण तसं डोकं मी पुन्हा पाहिलं नाही, आणि मी काही घरात बसून म्हातारी झालेली नाही.

आमचं गाव परंड्याच्या बाजूचं, मोगलाईतलं. निजामाचं राज्य होतं. लांब कुठंतरी महायुद्ध चालू होतं, आणि ते आम्हाला कळायचं कापड मिळेनासं झालं यावरून. वहिनीचं माहेर सरहद्दीपलीकडं, बार्शीच्या अंगाला, इंग्रजी मुलखात. मध्ये करोडगिरीचा नाका होता. तिथं निजामाचा नाकेदार गाड्या थांबवून जकात घेई. सकाळी गाडी जुंपली की जेवणवेळेला वहिनीचं माहेर यायचं.

आमच्या गावाला पायऱ्यांची बारव होती. उन्हाळ्यात पाणी तळाला जाई, मग गुडघाभर पाण्यात उतरून घागरी भरायच्या. आणि उन्हाळ्याबरोबर नारू येई. घोट्याशी नाहीतर पोटरीवर फोड यायचा, विस्तव ठेवल्यासारखी आग व्हायची. फोड फुटला की आतून सुतासारखा पांढरा किडा डोकवायचा. त्याचं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. घाई करून तो तुटला तर पाय सुजून माणूस आडवा झालाच म्हणून समजा. हे सगळं नेमकं पेरणीच्या तोंडावर. तरी आम्ही त्याला रोग म्हणत नव्हतो. आंबे येतात तसा नारू येतो, एवढंच. बाहेरून आलेल्या सुनेला पहिलं वर्ष काही होत नसे, दुसऱ्या उन्हाळ्यात ती लंगडायला लागे. मग बायका हसून म्हणत, आता ही आपल्या गावची झाली.

वहिनीही तशीच आमच्या गावची झाली. लग्नानंतरच्या पुढच्या जेठात तिच्या घोट्याला फोड आला. बाकीच्या सुना अशा वेळी रडत. ही पायाला एरंडाचं पान बांधून विचारत बसली, की मलाच का आणि आत्ताच का. ती सासूला आत्या म्हणे.

"आत्या, नारू शिरतो कुठनं?"

"चिखलातनं. पायातनं," आई म्हणाली. सगळा गाव तेच म्हणायचा.

त्याच आठवड्यात माहेराहून निरोप आला, की वहिनीच्या भावालाही नारू निघालाय. त्यांच्या गावात आजवर कुणाला नारू माहीत नव्हता. लोक बघायला येत होते म्हणे. वहिनी दिवसभर गप्प होती, आणि ती गप्प बसली की आम्हाला काळजी वाटायची. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "वन्सं, गेल्या जेठात आई आन् दादा दोघं मला भेटाया आले होते. एकाच गाडीतनं. दोघंबी याच गल्लीतनं अनवाणी हिंडले. मग दादालाच कसा निघाला?"

मी म्हटलं, "नशीब एकेकाचं."

"नशीब न्हाय. आई हितलं पाणी प्याली न्हाय."

ते खरं होतं. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, अशी आमच्याकडं रीत. वहिनीची आई रीतीला फार कडक. येताना तिनं गाडीत आपली घागर आणली होती, आणि ती संपली तशी परत जायला निघाली. भावाला ती रीत लागू नव्हती. तो उन्हातून आला आणि तांब्यावर तांब्या रिचवत गेला.

मग वहिनीनं सगळा गाव विचारून काढला. फोड बांधलेल्या पायानं लंगडत बारवेवर जायची, वाण्याच्या आळीत गुळाचं निमित्त करून जायची, आणि कुणाच्या घरी कुणाला निघाला, ते बोलता बोलता काढून घ्यायची. लिंगायत वाण्यांच्या आळीत नारू जवळजवळ नव्हताच. गाव म्हणे, महादेवाची कृपा. वहिनीनं बघितलं की पूजेचं असो, प्यायचं असो, त्यांच्याकडं पाणी दुपदरी कापडातून गाळल्याशिवाय घागरीत पडत नाही. दुसरी धडधाकट वस्ती म्हणजे गावकुसाबाहेरची. त्या लोकांना आम्ही बारवेची पायरी उतरू देत नव्हतो. ते नदीच्या वाळूत झिरा उकरून पाणी भरत, आणि तिथं नारू नव्हता. पाण्याला ज्यांचा हात लागू नये म्हणून गाव जपत होता ते सरळ चालत होते, आणि गाव लंगडत होता. वहिनीनं हे मला सांगितलं तेव्हा मला शरम वाटली. गावात शहाणे कमी नव्हते, पण त्या वस्तीकडं बघायचीच कुणाला सवय नव्हती.

तिसरी गोष्ट तिनं काढली ती मला सगळ्यांत मोठी वाटते. आजूबाजूच्या कोणत्या गावांत नारू आहे, हे ती माहेरपणाला आलेल्या लेकींना नि नांदायला आलेल्या सुनांना विचारत होती. लगतच्या एका गावात नव्हता. त्या गावाशी आमचं जुनं भांडण होतं, सोयरीक बंद. लांबच्या दोन गावांत मात्र होता, आणि तिथल्या लेकी आमच्या गावात दिलेल्या.

"लेक बाळंतपणाला म्हायेरी जाती," वहिनी म्हणाली, "पायात नारू घेऊन. आग व्हती म्हणून पाय पाण्यात सोडती. मग तेच पाणी सगळा गाव पितो. वन्सं, नारूला कुठं पाय हाईत? आपल्याच पायानं हिंडतोय त्यो."

तिनं भावाला तातडीनं निरोप धाडला, की गावच्या कुंडात पाय घालायचा नाही. तिच्या माहेरी दगडी कुंड होतं, पायऱ्यांचं, सगळा गाव त्यावर. निरोप ऐकून तिच्या आईनं त्या उभ्या वाढलेल्या पोराला लिंबाखाली बाजेवर बसवलं आणि नारू पुरता निघेपर्यंत उठू दिलं नाही. पोरगं चिडायचं. ती बाई हातात काठी घेऊन समोर धान्य निवडत बसायची.

इकडं आमच्या घरात वहिनी पाणी गाळायचं म्हणू लागली तेव्हा आईचा पारा चढला. "अंगावर घालाया कापड मिळंना आन् घागरीला लुगडं नेसवायचं व्हय? आता लिंगबी बांधून घे गळ्यात." वहिनीनं वाद घातला नाही. माझ्या दादाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, जुनं धोतर फाडून तिनं स्वतःची, दादाची नि माझी अशी एक घागर वेगळी केली. आई आपली जुन्याच घागरीतलं प्यायची, आणि आम्हाला दाखवून दाखवून प्यायची.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा वहिनी पोटुशी होती, आणि दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. भाऊ गाडी घेऊन न्यायला आला. त्याचा पाय बरा होता, आणि त्यांच्या गावात त्या साली एकालाही नारू निघाला नव्हता. वहिनीनं त्याच्याकडून घरोघरची चौकशी करून घेतली, आणि तिचं तोंड उजळलं. मग तिनं लुगडं जरा वर करून पाय दाखवला. पोटरीवर नवा फोड धरला होता. गेल्या उन्हाळ्यात, गाळायला लागायच्या आधी प्यायलेलं पाणी आता वर्षभरानं निघत होतं.

"म्या येत न्हाय," ती म्हणाली.

भाऊ म्हणाला, "कुंडात उतरू नको म्हणजे झालं."

"बाराव्या दिशी बाळंतिणीला पाणी पुजाया कुंडात उतरावंच लागतंय. म्या न्हाय म्हणीन, पर गाव ऐकंल का? आन् जिवाची आग झाली तर माझंच मन ऐकंल का?"

आई भडकली. सुनेला माहेरी धाडलं नाही म्हणून सोयऱ्यांत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. दादानं समजावून पाहिलं. वहिनी हलली नाही. भाऊ गाडीत बसला तेव्हा मात्र ती ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर जी रडली, ती मी कधी विसरणार नाही. आईच्या हातचं पहिलं बाळंतपण कुणाला नको असतं? अख्ख्या गावाचं पाणी निवळ राहावं म्हणून ते सोडून देणारी बाई मी एकच पाहिली, आणि ती तेव्हा विशीचीही नव्हती.

चार दिवसांनी गाडी परत आली. गाडीत वहिनीची आई आणि मोठी घागर.

लेक येत नाही तर मी जाते, असं म्हणून ती निघाली होती. पण रीत मोडणार नव्हती. अजून मूल झालं नव्हतं, म्हणजे पाणी आपलंच. दर दोन-तीन दिवसांनी भाऊ नवी घागर भरून आणी. नाकेदार पहिल्यांदा घागरीत हात घालून म्हणाला होता, "क्या है जी इसमें?" पाणी, म्हटल्यावर त्याला खरंच वाटेना. पाण्यावर जकात किती, हे त्याच्या कायद्यात नव्हतं. पुढं पुढं तो गाडी लांबून बघूनच हात हलवून सोडून देई.

त्याच दिवसांत आईच्या गुडघ्याला नारू निघाला. गुडघ्याचा नारू वाईट. तिला उठता-बसता येईना. मी घाबरट, वहिनी अवघडलेली. मग वहिनीच्या आईनं, जिच्या गावात वर्षापूर्वीपर्यंत नारू माहीत नव्हता त्या बाईनं, आईच्या पायाशी बसून तो काडीला गुंडाळायला घेतला. रोज सकाळी, सूत तुटणार नाही इतकाच. आई ओरडायची, शिव्या घालायची. ती म्हणायची, "इहीणबाई, तुमी माझ्या लेकीला सांभाळताय, म्या तुमच्या पायाला सांभाळते." आणि उठून आपल्या घागरीतलं घोटभर पाणी प्यायची. उन्हामुळं ते कोमट झालेलं असे, आणि पुरवून पुरवून प्यावं लागे.

एका सकाळी, न्याहारीच्या वेळेला, वहिनी बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. आई काठी टेकत उठली, पाळण्यापाशी गेली, नातीचं तोंड पाहिलं, आणि वळून म्हणाली, "इहीणबाई, नात झाली. रीत फिटली. आता आमच्या घरचं पाणी घ्यावं लागतंय."

नाही म्हणायची सोय नव्हती. लेकीच्या सासूनं नातीच्या जन्मावर दिलेलं पाणी नाकारलं, तर ते घर कायमचं नाकारल्यासारखं झालं असतं. मी वहिनीकडं पाहिलं. ती बाजेवरून कोपरावर उठून बसली होती, आणि आईच्या घागरीकडं बघत होती. जुनी घागर, बारवेचं पाणी. आमच्या गाळलेल्या घागरीतलं द्या म्हणावं, तर सासूच्या पाण्याला नाव ठेवल्यासारखं. सासूचा मान ठेवावा तर स्वतःच्या आईच्या पायात नारू जाणार, आणि तिच्या पायातून माहेरच्या कुंडात. तिनं जे सगळं वाचवलं होतं ते एका तांब्यावर आलं होतं.

आई घागरीपाशी गेली. तिथून वळून, लंगडत आतल्या खोलीत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला, मग कापड फाटल्याचा. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वीतभर पट्टी होती. तिच्या एकुलत्या एका चांगल्या लुगड्याचा, लग्नकार्याला नेसायच्या लुगड्याचा पदर होता तो. तो तिनं खळखळून धुतला, दुहेरी केला, तांब्याच्या तोंडावर ताणून मला धरायला लावला आणि घागर कलती केली. पाणी हळूहळू गळत होतं.

"घ्या," आई म्हणाली. "गाळलंय."

वहिनीची आई तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी प्यायली. वहिनीनं भिंतीकडं तोंड केलं. तिचे खांदे हलत होते.

पुढच्या जेठात ती बाई नातीला बघायला आली, नाक्यापासून पुढं चालत, अनवाणी, दोन्ही पायांनी धड. तिच्या गावात नारू पुन्हा कधी निघाला नाही, आमच्या गावातून जायला मात्र बरीच वर्षं लागली. माझं लग्न झालं तेव्हा वहिनीनं माझ्या रुखवतात दुपदरी फडकं ठेवलं, आणि मी ते सासरी घागरीवर बांधलं.

त्या लग्नात आई तेच लुगडं नेसली होती. दुसरं नव्हतंच. पदर आखूड पडत होता, खांद्यावरून सारखा घसरत होता. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, की एवढं चांगलं लुगडं फाटलं कसं. आई म्हणाली, "फाटलं न्हाय. आमच्या इहीणबाईंनी त्यातनं पाणी पिलंय."