दस्तगीरमामांची दोरी

मोटारसायकल पिकअपमध्ये चढवली की दस्तगीरमामा तिच्या मालकाला तिच्यावर बसायला लावायचे. पिकअप रस्त्याच्या कडेला उभी, मागचा फाळका उघडा, हौद्यात मोटारसायकल, तिच्यावर हँडल धरून बसलेला एखादा भला माणूस आणि त्याच्या पायाशी वाकून दोरी आवळणारे मामा, असा देखावा आमच्या शुक्रवार पेठेच्या कोपऱ्यावर अधूनमधून दिसायचा. येणारेजाणारे हसायचे. "काय मामा, वरात कुटं निघाली?" म्हणायचे. मामा मान वर करायचे नाहीत. "हसा की," म्हणायचे, "तुमी बी बसाल एक दिवस."

मामा तसे काहीही वाहून न्यायचे. फ्रिज, कूलर, चादरींचे गठ्ठे, लग्नातली कपाटं. पण मोटारसायकल म्हटली की त्यांच्या अंगात वेगळाच माणूस यायचा. सोलापूरच्या उन्हातसुद्धा ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मनगटाशी बटण लावायचे. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "दोरी चावती." त्यांच्याकडे बंद पडलेल्या हातमागाची एक जाड फळी होती. ती फाळक्याला लावून ते गाडी वर ढकलायचे, पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकवायचे, गिअर टाकायचे आणि स्टँड वर उचलायचे. स्टँडवर उभी केलेली गाडी बांधणं त्यांना मान्य नव्हतं. मग जुन्या चादरीच्या घड्या करून हँडलच्या खाली, जिथे दोरी घासेल तिथे, बाळाला गुंडाळावं तशा गुंडाळायचे. इथपर्यंत कुणीही शहाणा माणूस करील. त्यांची खासियत पुढे होती.

"आता वर बसा," ते मालकाला म्हणायचे. मालक बसला की शॉकअप दबायचे, गाडी बोटभर खाली जायची, आणि त्या दबलेल्या गाडीवर मामा दोरी आवळायचे. रिकामी गाडी बांधली तर पहिल्याच खड्ड्यात ती खाली बसते, दोरी ढिली होते आणि गाडी आडवी होते, हे त्यांचं म्हणणं. ते पटण्यासारखंच होतं. पण वजन मालकाचंच हवं, हा हट्ट कुणाला पटायचा नाही. आमच्या समोरच्या चादरवाल्या शेठजींनी एकदा आपल्या नोकराला वर चढवलं. मामांनी हातातली दोरी खाली ठेवली आणि फाळक्यावर बसून ते तंबाखू मळायला लागले. शेवटी शेठजी स्टुलावरून चढले. गाडी बोटभर नाही, वीतभर खाली गेली. गॅलरीत उभी असलेली त्यांची बायको हसून हसून आत पळाली. शेठजी मात्र हँडल धरून असे बसले होते की जणू पुण्याला पोचेपर्यंत तेच चालवणार आहेत.

माझा नवरा शिवानंद चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होता. त्याला मामांशी वाद घालायला फार आवडायचं. संध्याकाळी घरी आला की मोटारसायकल दारात लावून तो आधी कोपऱ्यावर जायचा. "मामा, स्प्रिंगला काय कळतंय कोण बसलंय ते? सिमेंटचं पोतं ठेवा, तेवढीच दबंल," तो म्हणायचा.

"खरं हाय. स्प्रिंगला कळत न्हाय," मामा शांतपणे म्हणायचे. "मालकाला कळतं की."

"काय कळतं?"

"बसल्यावर कळतं. तुला आता सांगून काय उपयोग?"

शिवानंद घरी येऊन मला हे सगळं मामांच्या आवाजात करून दाखवायचा. मी भाकरी थापत हसायची.

मामांची दुसरी एक खोड होती. गाडी बांधून निघाले की थोडं पुढे जाऊन, पहिल्या चहाच्या टपरीवर ते पिकअप थांबवायचे. मागे जाऊन दोरीला बोटाने टिचकी मारायचे. आवाज घट्ट आला की खूश. मग केबिनमध्ये बसलेल्या मालकाला विचारायचे, "पत्ता तोच न्हवं?" पोस्टातून निवृत्त झालेले आमच्या गल्लीतले एक काका आपली जुनी स्कूटर बार्शीच्या माणसाला विकून पोचवायला निघाले होते. मामांनी टपरीवर विचारलं तसे काका चहाचा कप हातात घेऊन नुसतेच बसले. मग म्हणाले, "दस्तगीर, माघारी फिरू या का?" मामांनी पिकअप फिरवली. बार्शीवाल्याने फोनवरून मामांना नाही नाही ते ऐकवलं. मामांनी ते ऐकून घेतलं. आम्हाला म्हणाले, "गाडी आवळून बांदल्यावर माणसाला कळतं, आपन काय करायलोय ते. त्याच्या आदी सगळं नुस्तं बोलणं असतं."

हे आम्हाला तेव्हा गमतीचं वाटायचं.

एका सकाळी शिवानंद पहिल्या पाळीला गेला. चहाच्या सुट्टीत त्याच्या छातीत दुखायला लागलं. कारखान्याच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं, आणि मला निरोप येऊन मी तिथे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतरचं मला आठवतं, पण ते मी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिल्यासारखं. माणसं येऊन रडत होती आणि मी त्यांना चहा करून देत होते. कुणाला बिनसाखरेचा हवा, तेही लक्षात ठेवत होते. माझ्या बहिणीने मला जवळ घेतलं, "रड गं," म्हणाली. मला रडू येईना. मी शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कटिंगला आहे. दिवसकार्य झालं आणि मी परत कामाला लागले. कापडाचे थर लावायचे, खडूने आखायचं, मशीन फिरवायचं. हात चालत होते. बायका म्हणायच्या, किती धीराची आहे. धीर कसला, आत काही नव्हतंच.

शिवानंदची मोटारसायकल कारखान्याच्या स्टँडवरच राहिली होती. अक्कलकोटकडे माझे धाकटे दीर असतात, मल्लिनाथ. त्यांचा फोन आला, "वैनी, गाडी तितं सडून जाईल. मी वापरतो. चालंल न्हवं?" मी म्हटलं, "न्या." त्यांनी घरातली भांडी मागितली असती तरी मी न्या म्हटलं असतं. गाडी जशी होती तशी उचलून त्यांच्याकडे पोचवायची, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं आणि मी हो म्हटलं. मी मामांना सांगायला गेले तेव्हा ते पिकअपची काच पुसत होते. सगळं ऐकून म्हणाले, "ताई, तुमाला यावं लागंल."

"सही करायला? येते की."

मामा काच पुसत राहिले.

जाताना केबिनमध्ये ते काहीच बोलले नाहीत. लोक त्या दिवसांत माझ्याशी सारखे बोलायचे, त्यामुळे मला ते बरं वाटलं. कारखान्याच्या फाटकावर मी सही केली. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी एका टोकाला उभी होती. सीटवर धूळ, टाकीवर कबुतरांची घाण, मागच्या टायरमध्ये हवा नाही. हेल्मेट आरशाला अडकवलेलं, तो अडकवायचा तसंच. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, हे हेल्मेट धुवायला झालंय. एवढंच वाटलं.

शिवानंदबरोबर काम करणारे तिघेजण आले. फळी लावली, गाडी वर गेली. मामांनी फडक्याने सीट पुसली, गिअर टाकला, स्टँड उचलला, चादरीच्या घड्या गुंडाळल्या. मग ते माझ्याकडे वळले. "ताई, वर या."

त्यांची पद्धत मला इतकी वर्षं माहीत होती, आणि तरीही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हटलं, "मला कुठे चालवता येते, मामा?"

"चालवायची कुटं हाय? बसायचं हाय."

फाटकावरचा वॉचमन पुढे झाला. "बाईमाणसाला कशाला चढवताय? मी बसतो."

"तुमची हाय का गाडी?" मामांनी विचारलं.

"न्हाय."

"मग ऱ्हाऊ द्या."

मी चढले. लग्न झाल्यापासून मी त्या गाडीवर मागे, एका बाजूला पाय टाकून बसत आले होते. पुढे कधी बसले नव्हते. पदर खोचून दोन्हीकडे पाय टाकले तेव्हा कळलं की पुढची सीट मधोमध खोल गेलीय. त्याच्या बसण्याने गेली होती. गाडी जराशी दबली. मामा खाली वाकून दोरी ओढू लागले, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. आवळून झाल्यावर म्हणाले, "हलवा."

मी हँडल धरून जरा हलवलं.

"तसं न्हाय. जोर लावा. पडती का बगा."

मी जोर लावला. गाडी हलली नाही. मग आणखी जोर लावला. मग मी ती गाडी दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाने गदागदा हलवायला लागले. पिकअप हलायला लागली, फाळक्याच्या साखळ्या खणखणायला लागल्या, पण मोटारसायकल बांधली तशीच होती. किती वेळ ते चाललं मला माहीत नाही. खाली उभी असलेली माणसं जमिनीकडे बघत होती. मामांनी मला थांबवलं नाही. माझे तळहात सोलवटले तेव्हा माझी मीच थांबले.

"बास," ते म्हणाले. "पक्की हाय." आणि त्यांनी शेवटची गाठ मारली.

गावात शिरायचा रस्ता आणि बाहेरून अक्कलकोटकडे जाणारा बायपास जिथे वेगळे होतात, त्याच्या अलीकडे एक टपरी आहे. तिथे मामांनी पिकअप उभी केली, दोन चहा सांगितले. मागे गेले, दोरीला टिचकी मारली. मग माझ्या बाजूच्या खिडकीशी आले. त्यांना सगळं माहीत होतं. मल्लिनाथभावजींचा नंबरसुद्धा त्यांच्या फोनमध्ये होता. तरी त्यांनी विचारलं, "ताई, पत्ता तोच न्हवं?"

मी समोरच्या काचेतून बघत राहिले. माझे हात चुरचुरत होते. शिवानंद मेला, हे मला तिथे, त्या टपरीवर पहिल्यांदा कळलं. आता ही गाडी अक्कलकोटला गेली की संध्याकाळी आमच्या दारात ती कधीच येऊन उभी राहणार नाही, हेही कळलं. मला रडू फुटलं. मामा खिडकीचा काठ धरून उभे राहिले, दुसरीकडे बघत.

"घरी न्या," मी म्हटलं.

"हौ," म्हणाले, आणि जाऊन चहाचे पैसे देऊन आले.

भावजींचा फोन आला. रागावले की ते कानडीत बोलतात. "याक?" म्हणाले, म्हणजे का? मी म्हटलं, "राहू दे इथंच." "तुमाला उपयोग काय तिचा?" "काही नाही," मी म्हटलं. ते बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गाडी दारात आहे. मी चालवायला शिकलेबिकले नाही. रविवारी पुसते. तेवढ्यापुरतं मला काहीतरी वाटतं. एरवी मी अजून तशीच आहे, हात चालतात.

मामांशी त्यानंतर या विषयावर बोलणं झालं नाही. त्यांनी कधी काढला नाही. दिसले की विचारायचे, "ताई, हवा हाय न्हवं चाकात?" यंदाच्या थंडीत ते थोडे दिवस अंथरुणावर होते आणि गेले. पिकअप त्यांनी आधीच विकली होती. मामी एकट्या उरल्या, तेव्हा विजापूरला दिलेली मुलगी त्यांना न्यायला आली.

मी कामावरून येत होते. कोपऱ्यावर, मामा उभी करायचे त्याच जागी, एक भाड्याची पिकअप होती. सामान भरून झालं होतं आणि मामांची स्वतःची जुनी मोपेड वर चढवलेली होती. ड्रायव्हर तिला पट्टे लावत होता. मामी खाली, बुरख्याचं टोक हातात धरून, एका ट्रंकेवर बसल्या होत्या. त्यांचा चेहरा बघितला आणि मला तो ओळखीचा वाटला. त्या आलेल्यागेलेल्याला पाणी विचारत होत्या.

"थांबा," मी ड्रायव्हरला म्हटलं. "मामी, वर बसा."

"मैं?" मामी म्हणाल्या. "मेरेकू कहाँ आती चलाने?"

"चालवायची कुठे आहे?"

मुलगी काही बोलणार होती, पण तिने बापाला इतकी वर्षं पाहिलं होतं. तिने स्टूल आणलं. मामी चढल्या. त्यांच्या वजनाने मोपेड दबली न दबली. मामांची दोरी सामानात होती, ती मी काढायला लावली. गाठ मला येत नाही, ती ड्रायव्हरने मारली. मी नुसतं एक टोक ओढून धरलं.

"हलवा, मामी."

त्यांनी हळूच हलवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"जोरात," मी म्हटलं.

मग मामींनी हलवली. डोक्यावरचा बुरखा मागे सरकला, तो त्यांनी सावरला नाही. मी दोरीचं टोक सोडलं नाही. त्या थांबल्या तेव्हा मी दोरीला टिचकी मारली, आवाज घट्ट आला, आणि विचारलं, "पत्ता तोच न्हवं?"

मामींनी आपल्या कुलूप लावलेल्या दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "तोच," म्हणाल्या. "और कहाँ का?"

पण त्या उतरेनात. हँडल धरून तशाच बसून राहिल्या. ड्रायव्हर घड्याळाकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, तुम्ही चहा पिऊन या.