तारीख नसलेली सही

बाईंना मी ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एकवीस वर्षं आम्ही एकाच इमारतीत काम केलं, पण त्यांच्या घरी कोण होतं तेही मला ठाऊक नाही. मी तळघरात प्रयोगशाळेचा कचरा जाळायचो, त्या तिसऱ्या मजल्यावर नमुने तपासायच्या. नमुने उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये असत आणि बाईंचा स्वभावही तसाच, म्हणून सगळे त्यांच्यामागे त्यांना ‘उणे ऐंशी’ म्हणत. एकदा मलाच म्हणाल्या, “मामा, उणे शंभर म्हणा, तेवढाच मान वाढेल.”

त्यांचं काम मला कळलं तेवढं सांगतो. शरीरात आरएनए नावाच्या चिठ्ठ्या असतात, त्या वाचून पेशी प्रथिनं बनवतात. काही चिठ्ठ्यांवरून मात्र काहीच बनत नाही. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ झालेल्या बासष्ट रुग्णांच्या नमुन्यांत बाईंना अशी एक चिठ्ठी भरमसाट सापडली. पेशींमध्ये ती बंद पाडून पाहिली, तर उतू जाणारं हार्मोन निम्म्यावर आलं. म्हणजे बिनकामाची वाटणारी चिठ्ठीच हार्मोनचा नळ धरून बसली होती.

सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, सगळ्यांसमोर त्यांची वही मिटली. “ज्यातून काही बनत नाही तो कचरा. कचरा चिवडायची एवढी हौस असेल तर तळघरात बदली मागा.” लगेच नमुने नष्ट करायच्या फॉर्मवर सही ठोकली. तारीख सर कधीच घालत नसत. “ती तुम्ही टाका,” हे ठरलेलं.

बाईंनी नमुन्यांचा डबा टाकला नाही आणि फॉर्मवर तारीखही टाकली नाही. बारा वर्षं दोन्ही सांभाळलं.

तोवर अशा चिठ्ठ्यांना भाव आला. सरांनी बाईंच्या जुन्या वह्या काढून, एकट्याच्या नावाने एका मासिकाला शोधनिबंध पाठवला. परीक्षकांनी कळवलं, मूळ नमुन्यांवर प्रयोग पुन्हा करून दाखवा. त्या दिवशी सर साखरेसारखे बोलले. “बाई, डबा तुम्ही ठेवलाच असणार!”

“शोधते, सर,” म्हणाल्या आणि तडक तळघरात आल्या. हातात तो डबा, आणि फॉर्मवर नुकतीच टाकलेली, त्याच दिवसाची तारीख.

मी म्हटलं, “बाई, यात तुमचंही जळेल.”

“माझं तेव्हाच जळलं, मामा. आता त्यांचं जळू दे.”

“एकदा विचार करा.”

“बारा वर्षं काय करत होते? सही खरी आहे ना? मग तुम्ही कशाला घाबरता?”

मी घाबरलोच होतो. तरी भट्टीचं दार मीच उघडलं. तळघराचा टोमणा मलाही लागला होता.

सर धापा टाकत खाली आले, तेव्हा बाईंनी फॉर्म पुढे धरला. “तुमचाच हुकूम, सर. जरा उशीर झाला, माफ करा.” सरांनी आपली सही पाहिली, मग भट्टीत डोकावले; डब्याची राख झाली होती.

निबंध मागे घ्यावा लागला. पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणी तीच चिठ्ठी शोधून छापली. बाईंनी ते मासिक मला दाखवलं. हसल्या नाहीत, पण पस्तावल्यासारख्याही दिसल्या नाहीत. की मलाच वाचता आलं नाही, कोण जाणे.

निवृत्तीच्या दिवशी जाताना खाली डोकावल्या.

“मामा, अजून इथेच?”

“धग जरा उतरू दे म्हटलं.”

“बस चुकेल तुमची.”

“दुसरी येते की.”

“मग सावकाश निघा,” म्हणाल्या, आणि जिना चढून गेल्या.