लाइनमनची जखम

कुठल्याही वस्तूला ते आधी उलट्या हातानं शिवायचे. दाराची कडी असो, लोखंडी खुर्ची असो, नाहीतर दवाखान्यातला नळ. बोटांची पाठ टेकवून बघायची, मगच धरायचं. विजेच्या खांबांवर जन्म काढलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. "सुलट्या हातानं धरलं ना ताई, तर करंट सोडत न्हाई," ते सांगायचे.

नव्वदच्या दशकात मी राहुरीच्या एका छोट्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. हे निवृत्त लाइनमन देवळाली प्रवराहून एसटीनं यायचे. घोट्याच्या वर तळहाताएवढी जखम, दोन वर्षं न भरलेली. मलमपट्ट्या करून थकलेल्या डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे धाडलं. सौम्य करंट दिला की कधीकधी अशी हट्टी जखमही भरू लागते.

मशीन बघून ते दारातच थांबले. "करंट? मला?"

मी दोन्ही पॅड स्वतःच्या हाताला लावून दाखवली. "मुंग्या येतात, एवढंच."

तेव्हा कुठं बसले. जखमेवर मिठाच्या पाण्यात भिजवलेली गॉजपट्टी, तिच्यावर एक पॅड, दुसरं पोटरीला. तासभर खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचे. महिन्याभरात जखमेच्या कडा लालसर झाल्या, नवी कातडी आत सरकू लागली. करंटमुळं की नेमानं बांधलेल्या पट्टीमुळं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण सरकत होती.

एकदा करंट किंचित वाढवताना मी सहज म्हणाले, "काही होत नाही, बसा."

त्यांनी पॅड ओढून काढली. चेहरा पांढराफटक.

"मीबी असंच म्हनलो हुतो. लाइन बंद हाय, चढ, काई हुत न्हाई. जोडीदार हुता माझा. गेला. मी सबस्टेशनला इचारलंच नव्हतं, ताई. आन् चौकशीत सांगितलं, तोच न इचारता चढला."

त्यानंतर तीन आठवडे ते आले नाहीत. आले तेव्हा जखम पुन्हा ओली झाली होती.

"त्याच्या बायकोला सांगून आलो," म्हणाले.

"काय म्हणाल्या त्या?"

"काई न्हाई. दार लावून घेतलं."

त्यांनी पायजमा वर सारला. "लावा."

जखम मिटायला आणखी चार महिने गेले. शेवटच्या दिवशी नव्या कातडीवरून बोट फिरवत मी विचारलं, "दुखतंय?"

"हितं न्हाई."

पुढं त्यांच्या पत्नी बाजारात भेटल्या. "पाय बरा झालाय, तर रोज त्या बाईच्या दारापुढं जाऊन बसत्यात," म्हणाल्या. "ती काय उघडत न्हाई."

त्या उन्हाळ्यात एका कामासाठी मी देवळालीला गेले होते. एका आळीत ते दिसले. पायरीवर, पाय लांब करून बसलेले. मी हाक मारली नाही. त्यांच्या पाठीमागचं दार बंदच होतं. त्यांच्या शेजारी मात्र कुणीतरी पाण्याचा भरलेला तांब्या ठेवला होता, वर पेला उपडा घालून.