बरणीवाल्याच्या तोंडी घातलेलं वाक्य

डिचोलीत बसस्टँडच्या मागल्या अंगाला माझी पत्र्याची शेड होती. तिच्या तिन्ही बाजूंना मी ओली गोणपाटं टांगून ठेवत असे. रस्त्याने दिवसभर खनिजाचे ट्रक जात, तांबडी धूळ उडे, आणि ती ओल्या रंगावर बसली की रंग मेला. तासातासाला गोणपाटांवर पाणी मारायचं, मग आत येऊन ब्रश धरायचा. मासिकांची रेखाटनं हा माझा खरा धंदा, असं मी लोकांना सांगत असे. मासिकं वर्षातून एकदा, दिवाळीआधी आठवण काढीत. उरलेलं वर्ष ट्रकच पोसत.

ट्रकच्या मागच्या फाळक्यावर लोक कमळ काढून घेत, मोर, गाय-वासरू, देवी. सगळं काढलं. एकदा एका मालकाने (आमच्याकडे मालकाला पात्रांव म्हणतात) नवा टिपर आणून उभा केला आणि म्हणाला, तुला हवं ते काढ. मी माझा लाडका माणूस काढला.

माणूस तरी कसा म्हणू? मी शाळेत असताना एका मासिकात विज्ञानकथा क्रमशः येत असे, तिच्यातला तो परग्रहावरचा प्रवासी. यान मोडल्यामुळे इथे अडकून पडलेला. अंगात ठिगळांचा पोशाख, डोक्यावर काचेचं गोल शिरस्त्राण, पाठीला लोंबणारी तुटकी नळी. त्याच्या ग्रहावर बोलणं हा प्रकारच नव्हता. मनात जे येई त्याचा रंग काचेवर उमटायचा, समोरच्याने तो बघायचा, एवढंच. कथेला चित्रं नव्हती. त्याचा चेहरा मीच वहीच्या मागच्या पानांवर ठरवला होता.

ड्रायव्हर लोकांनी त्याचं बारसं लगेच केलं. ‘बरणीवालो.’ लोणच्याच्या बरणीत डोकं अडकलेला. आणि मग जो तो बरणीवाला मागू लागला. तुयेच्या कारखान्यातला एक कामगार मोटरसायकलची टाकी काढून पिशवीतून घेऊन आला. मयेच्या तळ्याकाठी भजी विकणाऱ्याने गाड्यावर काढून घेतला, आणि त्याच्या हातात भज्याची बशी द्यायला लावली. मी ती दिली. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

काम मात्र मी मनापासून करायचो. फाळका आधी पॉलिश पेपरने खरवडायचा, तांबडा प्रायमर, त्यावर दोन हात काळसर निळा. दोऱ्याला खडू लावून चौकटी पाडायच्या. पोशाख पटकन होई. वेळ खाई ती काच. आधी आतला चेहरा पूर्ण रंगवायचा, वाळू द्यायचा, मग व्हार्निशमध्ये थेंबभर रंग घालून त्याचा पातळ हात चेहऱ्यावरून फिरवायचा. चेहरा झाकला जाता कामा नये आणि उघडाही दिसता कामा नये. शेवटी खारीच्या केसांच्या ब्रशाने पांढरी चकाकी, एका दमात. गिऱ्हाइकाला मी विचारत असे, तुमच्या मनात काय आहे? त्यावरून काचेचा रंग ठरे.

त्याच पात्रांवाच्या दुसऱ्या ट्रकवर एक ड्रायव्हर होता. दोडामार्गाकडचा, चाळिशी ओलांडलेला, नऊ-दहा वर्षं एकाच मालकाकडे टिकलेला. मी त्यांना मामा म्हणत असे.

“पेंटरानू, माज्या गाडयेक पण तो बरणीवालो व्हयो.”

“काढतो मामा. काचेला रंग कुठला? तुमच्या मनात असेल तो.”

“माज्या मनात? सकाळी पेज आणि दुपारी झोप. ह्येचो रंग खयचो?”

“पिवळट.”

“मगे पिवळो दी. आणि तेका कायतरी बोलूक लाव.”

“तो बोलत नाही मामा. त्याला भाषाच नाही.”

“भाषा नाय? मेल्या, मगे हॉर्न कसो मागतलो? लिव थय, ‘हॉर्न मार, वाट दितंय.’”

मामांना वाचता येत नव्हतं. ते लपवतही नसत. वाटेवरच्या पाट्या ते रंगावरून आणि कुठल्या झाडापाशी आहेत त्यावरून ओळखत.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून गावं फुटली होती, एकेका घरातले भाऊ फुटले होते. पाट्यांना डांबर लागत होतं. मी मराठीच्या बाजूचा. सभांचे कापडी फलक फुकट लिहून द्यायचो. घरी आईशी कोकणीतून वाद घालायचा आणि मराठीसाठी भांडायला बाहेर पडायचं, यात काही वेगळं आहे असं आमच्यात कुणालाच वाटत नव्हतं. माझं वाचणं-लिहिणं सगळं मराठीतलं. बरणीवालासुद्धा मला मराठीतच भेटलेला. त्याच्यावर आपला हक्क आहे, असंच मला वाटायचं.

मामांच्या फाळक्यावर मी त्याच्या तोंडाशी पांढरा फुगा काढला आणि आत सुबक वळणात लिहिलं: ‘मराठीतून माग, वाट देतो.’

कुणी सांगितलं नव्हतं. सुचलं, हसू आलं, लिहिलं. दुपारी मामा आले, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले.

“वाच मगे.”

मी बोट अक्षरांखाली धरलं आणि वाचलं, “हॉर्न मार, वाट दितंय.”

एकेका शब्दाखालून बोट सरकवत वाचलं. इथेही चार शब्द, तिथेही चारच. ते जुळले याचा मला त्या क्षणी आनंद झाला होता. हा आनंद मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही. मामांनी ओठ हलवत माझ्या बोटामागोमाग ते म्हटलं आणि पाठ करून टाकलं.

डिचोलीत फाळका गाजला. खाणीवर लोक वाचत आणि मामांच्या पाठीवर थाप मारत. त्यांना वाटे चित्राचं कौतुक चाललंय. पात्रांवाने तर शेडमध्ये येऊन सांगितलं, “बरें बरयलां मरे! आमचो ड्रायव्हर पक्को!” मराठीच्या बाजूचा माणूस, आणि शाबासकी अशी कोकणीत. मी मान डोलावली. ड्रायव्हरला यातलं काही ठाऊक नाही, हे सांगायला ती वेळ चांगली होती.

मग एके दिवशी स्प्रिंगचे पाटे बदलायला ट्रक नदीपलीकडे न्यावा लागला. पुढचं मला मागून येणाऱ्या दुसऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने सांगितलं. वाटेत एका गावात लोकांनी रस्त्यावर ओंडके टाकले होते. ट्रकला त्यांनी काही केलं नाही, मागे फिर एवढंच म्हणाले. मामांनी ट्रक वळवायला घेतला आणि वळवताना फाळका लोकांच्या तोंडासमोर आला.

कुणीतरी ओरडून विचारलं, “हें कितें बरयलां रे?”

मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्यांना वाटलं, इथेही कौतुकच. हसून म्हणाले, “बरणीवालो बोलता, हॉर्न मार, वाट दितंय.”

लोकांना वाटलं, हा वर आपली थट्टा करतोय. पहिला दगड समोरच्या काचेवर बसला. मामांनी घाबरून ट्रक दामटला, चाक गटारात गेलं, ट्रक कलंडला. डावा पाय केबिनच्या पत्र्यात गुडघ्याखाली चिरडला. क्लच दाबायचा पाय.

ते लोक कोण, कुठल्या गावचे, ते मी लिहीत नाही. आमच्या बाजूच्यांनीही गाड्या फोडल्या होत्या, आणि तिथे धरलेले फलक माझ्या अक्षरातले होते.

चार दिवसांनी पात्रांवाने ट्रक ओढून आणून माझ्या दारात लावला. “तें आदीं पुसून काड.” मी थिनरचा बोळा आणि पत्री घेऊन फुगा खरवडला. अर्ध्या तासात गेला. वाक्य होतं याचा पुरावा उरला नाही. मला हलकं वाटलं. लाज नंतर वाटली, आधी हलकंच वाटलं.

इस्पितळात गेलो तेव्हा मामांची बायको खाटेशी उभी होती. पाय कापलेला नव्हता, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता तो नुसता अंगाला राहील.

“पेंटरानू,” मामा म्हणाले, “लोक म्हणतत फुग्यात मराठीचां कायतरी होतां. माका कळणा नाय. तू काय लिवललंस?”

बायको माझ्याकडे बघत होती.

“तुम्ही सांगितलं तेच, मामा.”

मामांचा चेहरा उजळला. “बघ! मी सांगी होतंय मा?”

पण बायकोने माझं उत्तर वेगळं ऐकलं. फुग्यात काय होतं ते एव्हाना सगळ्या खाणीला ठाऊक होतं. “म्हणजे ह्येनीच लिवन घेतल्यानी,” ती म्हणाली. “दुसऱ्यांच्या झगड्यात घुसाक कोणी सांगितलेलां?” आणि ती खाली बसून रडू लागली. मामा तिला समजावत राहिले, हॉर्न गो, हॉर्न मार म्हणान लिवलां. मी केळी स्टुलावर ठेवली आणि निघून आलो.

एवढ्यावरही भागलं असतं. पात्रांव वाईट नव्हता. खाणीच्या वजनकाट्यावर चिठ्ठ्यांना शिक्का मारायचं बैठं काम त्याच्या हातात होतं. ते मामांना द्यावं की नाही, हे ठरवायलाच तो मला भेटायला आला. पण आपल्या ट्रकांवर आता लोकांचा डोळा आहे, या भीतीने तो बदललेला होता. महिन्याभरापूर्वी जे वाक्य त्याला आवडलं होतं, त्याचं आता त्याला ओझं झालं होतं.

“ताणेंच सांगिल्लें न्ही तुका बरोवंक? खरें सांग. असल्यो भानगडी करपी मनीस म्हाका नाका.”

मामांचं पुढचं आयुष्य माझ्या एका शब्दावर होतं. ते मला समजत होतं, समजलं नाही असं म्हणायची सोय नाही.

“हय, मामानच सांगिल्लें,” मी म्हणालो.

का? त्याचे उरलेले ट्रक माझ्याकडे यायचे होते, हे एक. पण त्याहून मोठं कारण इतकं क्षुल्लक आहे की लिहायला हात धजत नाही. न वाचता येणाऱ्या माणसाला मी बोट धरून खोटं वाचून दाखवलं, हे कुणाला कळू नये एवढंच मला हवं होतं. दगडापेक्षा ते बोट मला जड वाटत होतं.

काट्यावरचं काम मिळालं नाही, मामा गावी गेले. पुढे भाषेचा कायदा झाला, कोकणी राजभाषा झाली, मग घटक राज्य झालं, पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. वाळपईच्या सरकारी कचेऱ्यांच्या नव्या पाट्या लिहायचं काम मला मिळालं. कोकणीतल्या पाट्या. मी त्या नीट, अनुस्वार सांभाळून लिहिल्या. बरणीवाला त्यानंतरही काढला, अकरा ट्रकांवर. मी तो सोडून दिला असं लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं.

गेल्या वर्षी दोडामार्गाच्या बसमध्ये बसलो. का, त्याला निमित्त नाही. पन्नाशी उलटली, रक्तदाब लागला, झोप कमी झाली, एवढंच. घर विचारत गेलो. मामा पडवीत काजूच्या बिया निवडत बसले होते, बाजूला काठी. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मी पाणीसुद्धा न घेता सगळं सांगून टाकलं, बसमध्ये जुळवून ठेवलेलं काहीच त्या क्रमाने आलं नाही.

मामा बिया निवडत होते. मग थांबले.

“मगे ता वाक्य काय होतां? आता तरी सांग.”

मी सांगितलं.

“मराठीतून माग,” ते म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. “आणि मी तरी खय मराठीत बोलतंय रे? तुज्या बरणीवाल्यान माका तरी वाट दिली असती?”

त्यांनी आत हाक मारली. बायको बाहेर आली, पातळाला हात पुसत.

“ह्येका वळाखतंस? पेंटर. आता माका सांगल्यान ता तुका सांगतलो. पयल्यापासून.”

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण होतं. ती खांबाला टेकून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती माझ्याशी बोलली नाही, नवऱ्याशीही नाही, अंगणाकडे बघून बोलली.

“भावांका मी सांगलंय, वाडीत सांगलंय, ह्येनी आपलो पाय आपल्या हातान मोडल्यानी. इतकी वर्सां जेवणाचा ताट वाढताना सांगलंय.” मग माझ्याकडे वळली. “तो पात्रांव असा?”

“नाही. जाऊन बारा वर्षं झाली.”

“तुमची आवस?”

“आईही नाही.”

“मगे आता कोणाक सांगतलास?”

“लिहीन,” मी म्हणालो. “मासिकात माझी चित्रं छापतात, हेही छापतील. मी लिहीन.”

मामांनी मान हलवली. ती होकाराची की नुसतीच, कळलं नाही. “लिव. छापान इला काय एक धाडून दी.”

“मीच घेऊन येतो मामा. वाचून दाखवतो.”

हे माझ्या तोंडून गेलं आणि मग मला ते ऐकू आलं.

“तुमी नको,” बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता. “वाचूक आमी दुसऱ्या कोणाक तरी बोलावतलंव.”