ट्रेबलमामांचा उजेड

मांडवात दिव्यांच्या माळा कितीही लखलखत असोत, ट्रेबलमामा गिटारीची पहिली तार छेडायचे, मान तिरकी करायचे आणि जाहीर करायचे, "उजेड नाय." नवखा मंडपवाला घाईघाईने वर बघायचा, कुठला बल्ब गेला म्हणून. आम्हा बँडवाल्यांना माहीत असायचं की तक्रार दिव्यांची नाही, आवाजाची आहे. मामा ॲम्प्लिफायरपाशी जायचे आणि आवाजाला धार आणणारं ट्रेबलचं बटण आणखी थोडं पुढे सरकवायचे. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. त्यांचं खरं नाव चर्चच्या दप्तरात आणि रेशनकार्डावर होतं. लग्नाच्या मांडवात ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.

मामा वसईकडच्या राजोडी गावचे. घर मासेमारीचं, पण होडीत त्यांचा जीव कधी रमला नाही. "समुद्रावर टाळ्या कोन देनार?" असं ते विचारायचे. वसईच्या खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती लग्नांत वाजवणारा आमचा बँड त्यांचाच. लीड गिटार अर्थातच त्यांच्याकडे. मी मूळचा कोकणातला, नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा, आठवडाभर मुंबईच्या ऑफिसात बसणारा माणूस. त्यांच्या शेजारी उभा राहून मी ताल धरणारी दुसरी गिटार वाजवायचो. "हा आमचा नोकरदार," अशी माझी ओळख ते करून द्यायचे, आणि त्यात थोडी कीव असायची. स्वतः मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरे बूट आणि खिशात कंगवा. गाणं चुकलं तरी चालेल, पण भांग चुकता कामा नये.

त्यांची गिटार डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होती. जहाजावर नोकरी करणाऱ्या भावाने कुठल्याशा बंदरातून आणलेली. अर्धी पोकळ. पोटात मधोमध भरीव लाकूड, दोन्ही बाजूंना मोकळी जागा, आणि वर सारंगी-व्हायोलिनवर असतात तशी दोन वळणदार छिद्रं. तिचा आवाज गोल, ऊबदार होता. वधूवरांच्या पहिल्या नाचाला मामा ती वाजवायला लागले की खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्या बायकाही पाय हलवायच्या. मामा तिला कधी जमिनीवर ठेवत नसत. जेवायला बसले तरी तिच्यासाठी वेगळी खुर्ची.

मग या गिटारीत काळोख शिरू लागला. म्हणजे मामांना तसं वाटू लागलं. आधी दोष तारांना गेला, नव्या तारा आल्या. मग वायरला, मग ॲम्प्लिफायरला, मग खाऱ्या हवेला. त्याच सुमारास मामांच्या इतरही तक्रारी सुरू झाल्या होत्या. चर्चमधल्या क्वायरच्या पोरी हल्ली तोंडातल्या तोंडात गातात. आजकालच्या झांजांना पितळच नसतं. मामी तर लग्न झाल्यापासून पुटपुटते, पण आता फारच पुटपुटते. मामी सुकट निवडता निवडता म्हणायच्या, "चाळीस वर्षं ऐकलं नाय माझं, आता बोट मला दाखवतो." आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो. या सगळ्या तक्रारी एकाच माणसाच्या आहेत, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

शेवटी मामांनी ठरवलं, दोष पिकअपचा. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली ती चपटी डबी. चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे वेढे. तारेची थरथर पकडून ती ॲम्प्लिफायरकडे पाठवणं हे तिचं काम. "ही बाई म्हातारी झाली," मामा म्हणाले, "दुसरी शोध. तुझ्या फोनमध्ये सगळं असतं ना?" तेव्हापासून माझे रविवार त्यांच्या ओट्यावर जायला लागले. फोनवर मी एकेक पिकअप वाजवून दाखवायचो आणि मामा लग्नासाठी मुलगी बघावी तसे नकार द्यायचे.

त्यांचं म्हणणं, वेढे जितके जास्त तितका आवाज जोरदार आणि म्हणून उजळ. मी वाचून गेलेलो, की नेमकं उलटं असतं. वेढे वाढले की आवाज जाड होतो, वरची चमक जाते. "कोन म्हनतो?" "सगळेच म्हणतात, मामा." "सगळे राजोडीला वाजवतात का?" एक पिकअप त्यांना फार आवडला. एकेरी गुंडाळीचा, काचेसारखा लख्ख. पण त्या जातीला आसपासच्या विजेची गुणगुण लगेच लागते, आणि आमचा सगळा धंदा रोषणाईच्या खाली. गाण्यामागे मधमाशांचं पोळं वाजलं असतं. तो बाद झाला. अखेर दुहेरी गुंडाळीचे, जुन्याच खाचेत बसतील असे, कमी वेढ्यांचे आणि जोमदार चुंबकाचे दोन पिकअप आम्ही मागवले. फोनवर ऐकताना मला ते किंचित बोचरे वाटले होते. मी तसं बोललोही. मामा म्हणाले, "बोचू दे. झोपलेत सगळे."

अर्ध्या पोकळ गिटारीत पिकअप बदलणं हा एक व्यापच असतो. तिला मागे झाकण नसतं. बटणं आणि वायरी सगळ्या त्या वळणदार छिद्रातून बाहेर ओढायच्या आणि काम झालं की तिथूनच परत आत घालून नेमक्या भोकांत वर आणायच्या. मामांनी प्रत्येक बटणाला जाळं विणायचा नायलॉनचा दोरा बांधला आणि त्याचं दुसरं टोक आपापल्या भोकातून बाहेर ठेवलं. मी तापल्या पिनेने वायरींच्या जोडांना डाग देत होतो. डाग देऊन झाल्यावर मामा एकेक दोरा हलकेच ओढायचे आणि बटण आतून चालत येऊन भोकात डोकं काढायचं. "बघ, बांगडा आला," ते म्हणायचे. एक दोरा दोनदा तुटला, तेव्हा त्यांनी मला, गिटारीला आणि जहाजावरच्या भावाला एकत्र शिव्या दिल्या. मामी आतून ओरडल्या, "संध्याकाळच्या प्रार्थनेआधी तोंड धू."

नवे पिकअप घेऊन आम्ही पहिलं लग्न वाजवलं ते गावातच, समुद्राच्या बाजूला घातलेल्या मांडवात. मामांनी पहिली तार छेडली, मान तिरकी केली, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मी तसा तो आधी कधी पाहिला नव्हता. "पडला उजेड!" ते माइकवरच म्हणाले. त्या रात्री ते पोरासारखे वाजवत होते. आणि समोर, पहिल्या रांगेतल्या बायका एकेक करून मागच्या खुर्च्यांवर जात होत्या. एकीने पदर कानाशी धरला होता. नवरदेवाच्या काकाने लांबूनच मला हाताने खूण केली, कमी करा.

मध्यंतरात आमचा ड्रमर सायमन ड्रम सोडून पुढे आला. दिवसा गॅरेज चालवणारा, तोंडाने फटकळ. गावच्या रीतीप्रमाणे तो मामांना एकेरीच बोलायचा. "मामा, तुझ्या गिटारीने कानात टाचन्या टोचतात. जरा कमी कर."

"तू आधी झांजा वाजव," मामा म्हणाले. "आख्खी संध्याकाळ हात नाय लावलास त्यांना."

सायमनने माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळभर तो झांजाच बडवत होता. घामाने पार निथळला होता. क्वायरच्या पोरी, पितळ नसलेल्या झांजा, पुटपुटणाऱ्या मामी, सगळं एका ओळीत येऊन माझ्यासमोर उभं राहिलं. गिटारीत काळोख नव्हता. मामांच्या कानातले वरचे स्वर मावळत चालले होते.

निघताना सायमन मला म्हणाला, "तू सांग. मी सांगितलं तर भांडन होईल. आनि असंच चाललं तर पुढच्या सीझनला आपल्याला कोनी बोलावनार नाय."

रविवारी गेलो. वाटभर वाक्यं जुळवली होती, ओट्यावर बसल्यावर एकही आठवलं नाही. म्हणून मी फोनवर एक आवाज लावला. खालून सुरू होऊन हळूहळू चढत जाणारा एकच स्वर. म्हटलं, "मामा, ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा. मीही ठेवतो." मामींनाही खेळ वाटला. सुकटीची परात मांडीवर ठेवून त्यांनीही हात वर केला. स्वर चढत गेला. तिघांचे हात वर. मग मामांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "संपलं."

मामींचा हात वर होता. माझाही. मामांनी आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या. फोन वाजतच होता. मामींच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं, पण हात खाली घ्यायचं त्यांना सुचेना. शेवटी मामाच म्हणाले, "ठेव आता. दुखेल."

मी फोन बंद केला. मग त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशी गिटार कशी वाजत होती?"

"चटके देत होती, मामा."

"आनि मला वाटलं..." ते तिथेच थांबले. कंगवा काढला, भांग नीट केला, कंगवा परत खिशात ठेवला. "तुझी ती डाग द्यायची पिन आनलीस का?"

"नाही. घरी आहे."

"मग पुढच्या रविवारी आन. जुने परत लाव."

मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कानात घालायचं यंत्र मिळालं. त्याने चर्चमधल्या मिस्सात, रविवारच्या उपासनेत, फादरचं बोलणं नीट कळतं, असं ते कबूल करायचे, आणि "घरात पन सगळं कळायला लागलं, हाच तोटा," असं मामींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे. पण यंत्र घालून गिटार ऐकली की त्यांना ती पत्र्याची वाटायची. मांडवात जाताना ते काढून ठेवायचे.

पुढचे सीझन त्यांनी जुन्याच पिकअपवर वाजवले. नवे दोन पिकअप एका बिस्किटाच्या डब्यात, कापसात गुंडाळून ठेवले. ॲम्प्लिफायरला त्यांनी स्वतः हात लावायचं सोडलं. ट्रेबलचं बटण माझ्याकडे आलं. प्रत्येक गाण्याआधी ते पहिली तार छेडायचे, मान तिरकी करायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की मगच पुढे. पहिल्या रांगेतल्या बायका आपल्या जागी परत आल्या. लोक म्हणायचे, मामा म्हातारपणी काय गोड वाजवतात. मामा ते माझ्याकडे बघत ऐकायचे.

मला मात्र ती मान हलवणं कधी सोपं गेलं नाही. मी खरं तेच सांगितलं होतं, आणि सांगायलाच हवं होतं, असं मी स्वतःला अनेकदा समजावलं आहे. पण त्या एका लग्नात त्यांना आपली गिटार पुन्हा ऐकू आली होती. तो उजेड मी माझ्या हाताने, डाग देऊन, काढून घेतला. एकदा न राहवून मी हे त्यांना बोललो. ते माझ्यावर खेकसले. "नाचनारे लोक कोनाच्या कानाने नाचतात? माझ्या? मग मला घरी बसवून नाचा की." आणि थोड्या वेळाने, हलक्या आवाजात, "तू मान हलवतोस तेव्हा मला दिसतं, बरं वाजतंय ते."

घरी त्यांनी वेगळीच वाट काढली होती. दुपारी ओट्यावर, ॲम्प्लिफायर न लावता, ते गिटारीच्या खांद्यावर हनुवटी टेकवून वाजवत बसायचे. पोकळ लाकूड थरथरायचं आणि ती थरथर जबड्यातून वर कानापर्यंत चढायची. मी एकदा पाहत उभा राहिलो. डोळे मिटलेले, भांग विस्कटलेला. मला पाहताच त्यांनी आधी केस सारखे केले.

मामा गेले ते घरीच, शांतपणे. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्साला क्वायरच्या पोरी मोकळ्या गळ्याने गायल्या. महिना झाल्यावरच्या मिस्सानंतर मामींनी मला बोलावून गिटार दिली आणि वर बिस्किटाचा डबा ठेवला. "हे पन ने," म्हणाल्या. "त्याने टाकू नाय दिलं मला. म्हनायचा, नोकरदाराला लागेल."

बँड चालू आहे. लीड आता मी वाजवतो, त्यांच्याइतकी चांगली नाही. आणि यंदा, नाताळानंतरच्या लग्नांत, मला त्या लाल गिटारीचा आवाज दबलेला वाटू लागला. तारा बदलल्या. वायर बदलली. ट्रेबलचं बटण पुढे, आणखी पुढे नेलं. एका दुपारी मी डबा उघडला, कापूस सोडला, डाग द्यायची पिन तापत ठेवली आणि बटणांना दोरे बांधायला घेतले. मग हात थांबले. आतल्या खोलीत माझी मुलगी अभ्यास करत होती, तिला हाक मारली.

"जरा ऐक," म्हटलं. "कसं वाटतंय?"

मी वाजवलं. तिने नाक मुरडलं. "बाबा, आहे तेच टोचतंय."

मी पिनेचं बटण बंद केलं. दोरे सोडले. तिला ॲम्प्लिफायरपाशी बसवलं आणि म्हणालो, "तुला बरं वाटेल तिथे आण आणि सांग." ती ट्रेबलचं बटण मागे घेत गेली, आणखी मागे, आणि थांबली.

"इथे."

मला तिथे काहीच चमकत नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, आणि मी वाजवायला लागलो.