एक रायफल, दोन गाल

"तू परत दुर्बिणीचे नॉब फिरवलेस, वहिनी."

"फिरवले नाहीत, नीट केले. बिघडवले होतेस तू."

"मी? मी मंगळवारी सगळं मधोमध लावून गेले होते. एका नाण्याखाली झाकल्या असत्या माझ्या गोळ्या."

"मग मी आले तेव्हा त्या उजवीकडे वर का जात होत्या?"

"तुला नेम धरता येत नाही म्हणून."

रेंजवरच्या बाकी मंडळींनी कानांवरचे मफ काढून ठेवले. इतकं चांगलं काही ऐकायला मिळत असताना कान झाकून बसण्यात अर्थ नव्हता. नणंद-भावजय, आणि दोघींच्या मधे एक रायफल. रेंजवर शिकवणारे मास्तर म्हणायचे, की गोळ्या भरलेल्या नसल्या की मग मला काळजी नाही.

रायफल मुळात वहिनीच्या नवऱ्याची. छोट्या गोळीची, कागदावर नेम धरण्यापुरती. त्याची पाठ धरली तेव्हा त्याने ती एका वाक्यात सोडून दिली, "आता तुम्ही दोघी बघा," आणि दोघी खरोखरच बघायला लागल्या. नणंद त्याची धाकटी बहीण. बस चालवायची. उंची अशी, की घरात तिला शिडी म्हणत आणि माळ्यावरचं काहीही काढायचं झालं की तिलाच हाक मारत. वहिनी तिच्या खांद्याला लागायची. ती कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर मेणात दात रोवायचे, खालचा जबडा वरच्याला भेटतो का ते पाहायचं, नाही भेटला तर केसाएवढं घासायचं. त्या कामाने हात तयार झाले आणि डोळे दमले. दुर्बिणीशिवाय नेम धरला की तिला नळीच्या टोकावरच्या एका दांड्याचे दोन दिसायचे. म्हणून नवऱ्याने एका मित्राकडची जुनी दुर्बीण स्वस्तात आणून रायफलीवर बसवली. चोवीस पट मोठं दाखवते, हे तो पाहुण्यांनाही सांगायचा.

क्लबची स्पर्धा जोड्यांची होती. आजवरच्या सगळ्या स्पर्धांना वहिनी हजर असायची, पण लोकांचे कागद लावायला, काढायला आणि चहा ओतायला. या वर्षी पहिल्यांदा तिचं नाव फळ्यावर लागणार होतं, शिडीच्या नावाशेजारी. जोडीदार नसेल तर नावही नाही, असा नियम होता. म्हणजे पुन्हा चहा.

नॉबच्या भांडणाचा निकाल लावायला वहिनीने कारखान्यातून गुलाबी मेण आणलं. कवळीच्या हिरड्या ज्याच्या करतात ते. शिडीने आपल्या मनासारखी दुर्बीण लावली, गोळ्या मधोमध पाडल्या, आणि मग दोन्ही नॉबवर वहिनीने मेण लिंपलं. शिडीने त्यावर अंगठा उमटवला. नवरा म्हणाला, आता फक्त कोर्टाचा शिपाई हवा.

दोन दिवसांनी वहिनी झोपून नेम धरायला लागली. मेण तसंच, अंगठा तसाच. गोळ्या मात्र उजवीकडे वर, नखाएवढ्या अंतरावर. पण सगळ्या एकमेकींना खेटून.

शिडी वाकली, अंगठा पाहिला, कागद पाहिला.

"नॉब शाबूत आहेत. म्हणजे खोट कुणात?"

"नेम चुकणाऱ्या माणसाच्या गोळ्या अशा एका घरात राहतात का, शिडे? विखुरल्या असत्या."

"एका घरात राहतात, पण चुकीच्या घरात. मी दिवसभर आरशात बघून बस मागे घेते, वहिनी. चूक कुठे आहे ते मला दिसतं."

संध्याकाळी फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: शिडी आणि अकाउंटंट. क्लबातल्या त्या अकाउंटंटकडे स्वतःची रायफल होती आणि भांडायला नणंद नव्हती.

नवऱ्याने समजूत काढली. पुढच्या वर्षी बघू, म्हणाला. वहिनी भांडी विसळत होती. तिने एवढंच विचारलं, की पुढच्या वर्षी मी वेगळी असेन की दुर्बीण?

आधी तिला वाटलं, दुर्बीण धरणारी कडी सैल असतील. स्क्रू तपासले. पक्के होते. मग वाटलं, नळीच वाकली. मास्तर हसले. मग एके दुपारी कारखान्यात तिचं आणि प्लास्टरवाल्याचं रोजचं भांडण झालं. प्लास्टरवाला दारापाशी बसायचा, ती खिडकीपाशी. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तो म्हणायचा जेवणाची वेळ झाली, ती म्हणायची अजून नाही. दोघांनी एकमेकांना कामचुकार आणि कंजूष ठरवून कैक वर्षं काढली होती. त्या दुपारी वहिनी हातातली कवळी तशीच घेऊन उठली आणि त्याच्या स्टुलामागे जाऊन उभी राहिली. खरंच झाली होती वेळ. परत खिडकीपाशी गेली. झाली नव्हती. काटा आकड्यांच्या तबकडीपासून बोटभर बाहेर होता. बघणारा सरकला, की काटाही सरकायचा.

"तू बरोबर आहेस," ती प्लास्टरवाल्याला म्हणाली. तो इतका घाबरला, की त्याने तब्येतीची चौकशी केली.

कामावरून ती तडक रेंजवर गेली. रायफल वाळूच्या पिशव्यांत घट्ट रुतवली, हात मागे बांधले, आणि नुसता डोळा दुर्बिणीशी नेला. काळ्या ठिपक्यावर दुर्बिणीतली फुली. डोकं जरासं खाली नेलं. फुली तापल्या तव्यावरच्या लोण्यासारखी घसरली. वर नेलं, दुसरीकडे घसरली. रायफलीला कुणी हातही लावलेला नव्हता.

मास्तरांनी बघितलं आणि मान हलवली. ही दुर्बीण मोठ्या रायफलीसाठी बनलेली, म्हणाले, कागद दुप्पट लांब असेल तेव्हा फुली त्यावर चिकटून बसते. आपल्या पल्ल्यावर ती मधेच लोंबकळते. ज्याचा गाल दर वेळी तंतोतंत एकाच जागी टेकतो त्याला कळतही नाही. पण इथे रायफल एक आणि गाल दोन. शिडीचा गाल लाकडावर वरच्या अंगाला, वहिनीचा खाली. दोघी आपापल्या जागेवरून खऱ्या होत्या.

हे शिडीला सांगायला वहिनीने घरी फोन हातात घेतला. मग ठेवून दिला. सांगून पटणारी ती बाई नव्हती. तिला कागद दाखवावा लागणार होता.

नवी दुर्बीण घ्यायला ती दुकानात गेली, तेव्हा नवरा बरोबर आला, जुन्या दुर्बिणीची कड घ्यायला. दुकानदाराने काचेवर एक लांबलचक, काळी, सोनेरी अक्षरांची दुर्बीण ठेवली. सूट चालू आहे, म्हणाला, हिच्यातून मुंगीच्या मिशा मोजाल. वहिनीने विचारलं, बसायची उशी आहे का? त्याने खुर्चीवरची काढून दिली. तिने त्या उशीत दुर्बीण रुतवली, उघड्या दारातून रस्त्यापलीकडच्या लॉन्ड्रीच्या पाटीवर फुली धरली, आणि कोंबडीसारखी मान खाली-वर करायला लागली. दोन गिऱ्हाइकं थांबून बघू लागली. नवऱ्याने भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

"घसरते," वहिनी म्हणाली.

"बाई, एवढ्या किमतीत कोण मान हलवतं?"

"मी."

दुसरी उत्तम होती, फुली खिळ्याने ठोकल्यासारखी, पण किंमत ऐकून नवऱ्याने कॅलेंडर सोडलं. मग वहिनीने खालच्या फळीवर बोट दाखवलं. आखूड, बिनअक्षरांची, छोट्या गोळीच्या रायफलीसाठीच केलेली. तोंडाशी अंतर जुळवायचं एक फिरतं कडं. तिने कडं हळूहळू फिरवलं, मान हलवली, पुन्हा फिरवलं. पाटीवरच्या अक्षराच्या कोपऱ्यात फुली थांबली. मान वर, मान खाली. फुली जागची हलली नाही. तरी तिचं समाधान होईना. नॉब बरेच टिकटिक पुढे नेले, मोजून तेवढेच मागे आणले. फुली त्याच कोपऱ्यात परत येऊन बसली.

"नऊच पट आहे गं," नवरा कळवळला. "आपली चोवीस."

"मला कागद घरी नाही आणायचा. फुली जागेवर बसवायचीय."

जुनी दुर्बीण दुकानदाराने मोडीत घेतली. घेताना त्यानेही उशीत ठेवून, कुणी बघत नाहीसं पाहून, मान हलवली. राहिलेले पैसे वहिनीच्या पाकिटात होते. शिडीकडे मागायची वेळ आली नाही. तिला हे विशेष आवडलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी शिडी अकाउंटंटबरोबर सरावाला आली. वहिनी आधीच रायफल मांडून बसली होती. कड्यावर योग्य जागी गुलाबी मेणाचा ठिपका होता, नॉबांवर मेणाची नवी टोपी.

"हे काय खेळणं बसवलंस?" शिडीने विचारलं.

"झोप आणि पाच गोळ्या मार. नॉबला हात लावू नकोस."

"मी तुझ्याबरोबर नाहीये उद्या."

"माहीत आहे. फळा वाचता येतो मला. गोळ्या मार."

शिडीला आव्हान दिलं की ती नाही म्हणत नाही, हे सासरच्या घरात वहिनीला सगळ्यात आधी कळलं होतं. शिडी झोपली. पायांना मॅट पुरली नाही. पाच गोळ्या. मग वहिनी झोपली, त्याच कागदावर, तिच्या स्वतःच्या बुटक्या पद्धतीने, गाल खाली टेकवून. श्वास सोडताना तिला पहिल्यांदाच मागे उभ्या माणसांचा विसर पडला. पाच गोळ्या.

मास्तरांनी कागद आणून बाकावर ठेवला. ठिपक्याच्या मधोमध एकच फाटकं भोक होतं. त्यातली कुठली गोळी कुणाची, हे मास्तरांनाही सांगता आलं नसतं.

शिडीने कागद उजेडाला धरला. मग मेणाच्या टोप्या पाहिल्या. मग वाकून, रायफलीला हात न लावता, दुर्बिणीतून बघितलं. मान वर नेली, खाली आणली. पुन्हा एकदा.

"आधीची घसरायची," वहिनी म्हणाली. "तू मान वर ठेवतेस, मी खाली. तू फिरवायचीस तुझ्यासाठी, मी फिरवायची माझ्यासाठी. दोघींनी मिळून चांगली धुलाई केली तिची."

अकाउंटंट दारात पेटी घेऊन उभा होता. निघायचं का, असं त्याने विचारलं. शिडीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आता सांग," वहिनी म्हणाली. "नेम कुणाचा खोटा होता?"

शिडीने बाकावरचं रायफल पुसायचं फडकं उचललं, ते माठातल्या पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि अकाउंटंटला बाजूला सारून बाहेर फळ्यावरच्या नावांकडे निघून गेली.